अल्को भंगारात निघाले; त्याचे ज्ञान कोणाच्या हवाली?

(थ्रेड) डिझेल इंजिने, त्यांचे चाहते आणि त्या दोहोंच्या मधून निसटून चाललेला इतिहास.

१९६९ साली अल्को ही अमेरिकेतील इंजिने बांधणारी कंपनी बंद पडली. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या गावी असलेल्या तिच्या कारखान्याचे दरवाजे मिटले. पण त्यानंतरही चाळीस वर्षांहून अधिक काळ अल्कोच्या वंशाची इंजिने वाराणसीत तयार होत राहिली. जननी गेली आणि संतती साता समुद्रांपलीकडे नांदती राहिली, असे उदाहरण यंत्रांच्या इतिहासात विरळाच. आज त्या संततीचीही अखेरची पिढी सेवेतून उतरत आहे आणि तिच्यातील बहुतेकांची वाट भंगाराच्या लिलावाकडे जाते.

या निरोपाचे दृश्य आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. झेंडूचे हार घातलेले इंजिन, शेवटची फेरी, फलाटाच्या टोकाला उभे असलेले मोबाइल, काळ्या धुराचा लोट आणि चित्रफितीखाली जोडलेले हळवे संगीत. त्याखाली दोन पक्ष भांडतात. एक म्हणतो, अल्को हे इंजिन नव्हे, भावना आहे. दुसरा विचारतो, धूर ओकणाऱ्या लोखंडावर कसले आले आहे प्रेम? इतिहासाच्या बाबतीत दोन्ही पक्ष सारखेच निष्काळजी आहेत. पहिल्याला आपण कशावर प्रेम करतो याचा पत्ता नाही. दुसऱ्याला आपण काय फेकून देतो याचा.

आधी 'परंपरा' या शब्दाचा हिशेब. डिझेल ही आपल्या रेल्वेची जुनी परंपरा आणि वीज हे नवे आक्रमण, असा भाव चाहत्यांच्या लिखाणात सर्रास आढळतो. महाराष्ट्रापुरते तरी हे उलटे आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे विजेवर गाडी धावली. त्या दशकाच्या अखेरीस भोर घाटही विजेच्या तारांखाली आला. १ जून १९३० रोजी सुरू झालेली 'दख्खनची राणी' विजेच्या इंजिनाने घाट चढत असे. बोरघाटातून मालगाड्या ओढणाऱ्या त्या काळच्या विद्युत इंजिनाला, त्याच्या चालण्याच्या तऱ्हेवरून, रेल्वेचे कामगार 'खेकडा' म्हणत. मुख्य मार्गावरील डिझेल इंजिने मात्र भारतात आली ती १९५७ च्या सुमारास. म्हणजे पुण्या-मुंबईच्या माणसाला आजोबांच्या काळचे म्हणून जे सांगता येईल ते विजेचे इंजिन. डिझेल हा घरात उशिरा आलेला पाहुणा.

आणि हा पाहुणा आला तो कोणाला तरी घालवण्यासाठीच आला. आज डिझेलसाठी जे उसासे टाकले जातात, नेमके तेच उसासे वाफेच्या इंजिनांसाठी टाकले गेले होते आणि तेव्हा खलनायक डिझेल होते. वाफेच्या काळातील शौकिनांना डिझेल म्हणजे चेहरा नसलेला पत्र्याचा डबा वाटे. त्याला चाकांचे दांडे नाहीत, भट्टी नाही, जीव नाही. माथेरानच्या छोट्या गाडीपुढे जर्मनीच्या युंग कंपनीची डिझेल इंजिने लागली तेव्हाही हळहळणारे होतेच. तीच इंजिने पुढे माथेरानची ओळख बनली. माणसाला आपल्या लहानपणी जे यंत्र दिसले ते निसर्गासारखे अनादी वाटते; इतिहासाच्या अभ्यासकाने तरी या सवयीला बळी पडू नये.

मग डिझेल हवे कशाला होते? उत्तर कोळसा आणि पाणी यांत आहे. वाफेच्या इंजिनाला दोन्ही लागत, आणि पाणी तर वाटेत वारंवार. १९५५-५६ च्या सुमारास मीटर गेजवरील डिझेल इंजिने गांधीधामकडे पाठवली गेली, कारण कच्छमध्ये पाण्याचे दुर्भिक्ष. पंचवार्षिक योजनांनी पोलाद कारखाने उभे केले आणि कोळसा व लोहखनिज यांची वाहतूक इतकी वाढली की वाफेच्या इंजिनांना ती पेलेना. म्हणून अल्कोकडून १०० इंजिने आली. त्यांचे नाव डब्ल्यूडीएम-१. (नाव दिसते तेवढे क्लिष्ट नाही : 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज, 'डी' म्हणजे डिझेल, 'एम' म्हणजे प्रवासी व माल दोन्हींसाठी.)

खरी गोष्ट सुरू होते १९६२ मध्ये. त्या वर्षी दोन अमेरिकी स्पर्धकांची इंजिने भारतात आली. अल्कोचे डब्ल्यूडीएम-२ आणि जनरल मोटर्सच्या ईएमडी विभागाचे डब्ल्यूडीएम-४. ताकद दोघांची सारखीच, २,६०० अश्वशक्ती. वेगाच्या व भरवशाच्या बाबतीत डब्ल्यूडीएम-४ जराही कमी नव्हते. १९६९ च्या मार्चमध्ये हावडा–नवी दिल्ली राजधानी सुरू झाली तेव्हा तिच्यापुढे तेच होते. तरीही त्याची ७२ इंजिनेच आली आणि डब्ल्यूडीएम-२ ची संख्या पुढे अडीच हजारांपलीकडे गेली. कारण अल्कोने आराखडे आणि बांधणीचे तंत्र भारताला देण्याचे मान्य केले. वाराणसीत डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स उभे राहिले आणि जानेवारी १९६४ मध्ये तेथले पहिले इंजिन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते देशाला अर्पण झाले. त्याचे नाव 'कुंदन'.

म्हणजे अल्को जिंकले ते उत्तम यंत्र म्हणून नव्हे. ते जिंकले शिकता येण्याजोगे यंत्र म्हणून. हाच मुद्दा चाहत्यांच्या शेकडो चित्रफितींत कोठेही सापडत नाही.

त्या शिकण्याचा अर्थ १९६९ मध्ये कळला. मूळ कंपनी बंद झाल्यावर अडचण आली तर विचारायचे कोणाला? उत्तर येथेच शोधावे लागले. सुटे भाग येथे घडवणे, इंधनाची बचत, २,६०० अश्वशक्तीवरून ३,१०० आणि पुढे ३,३०० पर्यंतची वाढ, डीसी जनरेटरच्या जागी अल्टरनेटर, संगणकीय नियंत्रण : डब्ल्यूडीएम-३ए आणि ३डी ही नावे या वाटचालीतील मुक्काम आहेत. १९८१ मध्ये पतियाळाला डिझेलच्या सुट्या भागांचा स्वतंत्र कारखाना निघाला. जुनी इंजिने तेथे नव्याने बांधली जाऊ लागली. श्रीलंका, बांगलादेश, व्हिएतनाम, टांझानिया अशा देशांच्या रुळांवर वाराणसीचे अल्को गेले. स्वातंत्र्योत्तर भारताने परक्याचे तंत्र कसे पचवले याचे याहून बोलके उदाहरण देणे कठीण. धरणे आणि पोलाद कारखाने पाठ्यपुस्तकांत येतात. डिझेल शेड येत नाही.

आता त्या प्रसिद्ध धुराविषयी. अल्कोचा चाहता ज्या क्षणासाठी फलाटावर तासन्‌तास उभा राहतो तो क्षण असा : गाडी सुटते, लोको पायलट नॉच चढवतो, इंजिन गुरगुरते आणि छतातून काळाभोर लोट उसळतो. हे घडते कसे? हुकूम मिळताच सिलिंडरांत जास्त इंधन जाऊ लागते, पण त्याला लागणारी जास्त हवा पुरवणारा टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरतो आणि त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात इंधन अधिक आणि हवा कमी. अर्धवट जळलेला कार्बन धूर होऊन बाहेर पडतो. चाहत्याला जे इंजिनाचे शौर्य वाटते तो अभियंत्याच्या दृष्टीने दोष आहे, आणि तो कमी करण्यासाठी भारतीय अभियंत्यांनी वर्षे खर्ची घातली. धुराची पूजा करणारा नकळत त्यांच्या श्रमांचीच थट्टा करतो.

आवाजाची गोष्ट वेगळी. सोळा सिलिंडरांचे चार टप्प्यांचे ते इंजिन रिकामे चालताना जो अडखळता, पण लयबद्ध ठेका धरते, तो ईएमडीच्या दोन टप्प्यांच्या इंजिनात नाही. कान तयार असलेला माणूस पुलाच्या पलीकडून येणारे इंजिन कोणत्या जातीचे ते सांगू शकतो. हे प्रेम खरे आहे आणि त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. घराण्यांची गायकी ओळखणारा कानही असाच घडतो.

पण प्रेम करणाऱ्याने इंजिनाच्या आत बसलेल्या माणसाकडे पाहिले आहे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. कोकण रेल्वेवर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. त्यांतील रत्नागिरीजवळचा करबुडे सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे, आणि डिझेलचा धूर कोंडू नये म्हणून तेथे पंख्यांची यंत्रणा बसवावी लागली. पावसाळ्यात बाहेर हिरवा डोंगर, धुके, पुलावरून जाणारी जोड-इंजिने : छायाचित्र अप्रतिम. बोगद्याच्या आत रुळांची देखभाल करणारा ट्रॅकमन त्या छायाचित्रात नसतो. २० जून २०२२ रोजी रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण विद्युतीकरण होऊन राष्ट्राला अर्पण झाला. त्या दिवशी समाजमाध्यमांवर 'कोकणचा आत्मा गेला' असे लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न त्या ट्रॅकमनला विचारून पाहायला हवा होता. डिझेलच्या केबिनमधील उष्णता, कंपने, कानठळ्या आणि लांब नाक पुढे करून धावताना अर्धी झाकली जाणारी नजर हेही त्याच आत्म्याचे भाग होते.

एवढे ऐकून टवाळखोर पक्षाला आनंद होईल. त्याने तो आवरता घ्यावा.

'वीज म्हणजे स्वच्छ, डिझेल म्हणजे घाण' हे वाक्य इतके सरळ नाही. भारताची बहुतांश वीज अजूनही कोळशावर तयार होते. घाटातला धूर थांबतो तेव्हा तो काही अंशी चंद्रपूरच्या धुरांड्यांकडे सरकतो. चंद्रपूरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. विद्युतीकरणाची बाजू तरीही भक्कम आहे. आयात तेलावरचे अवलंबन घटते, चढावर ताकद अधिक मिळते, उतारावर ब्रेक लावताना वीज तारेत परत जाऊ शकते आणि उद्या सौर वा पवन ऊर्जा वाढली तर तेच इंजिन तिच्यावर चालते. हे सारे मान्य. परंतु ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले आणि शेकडो गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा मदतीला डिझेलच धावले होते. आपत्ती आणि संरक्षणाच्या गरजेसाठी काही डिझेल इंजिने राखून ठेवण्याची भाषा रेल्वे स्वतः करते. ज्याला अडगळ म्हणून हिणवायचे त्यालाच अडीअडचणीला हाक मारायची, यात तर्क कमी आणि तोरा जास्त.

शिवाय डिझेल आणि विद्युत हे जन्माचे वैरी आहेत ही समजूतही चुकीची. अल्कोची चाके डिझेलचे इंजिन थेट फिरवत नाही. डिझेलवर जनरेटर फिरतो, त्याची वीज आसांवरील सहा मोटरींना मिळते आणि चाके फिरतात ती मोटरींनी. म्हणजे डिझेल इंजिन हे आपले वीजघर पाठीवर घेऊन धावणारे विद्युत इंजिनच आहे. २०१८ मध्ये वाराणसीने याचा पुरावा दिला : दोन जुन्या डब्ल्यूडीजी-३ए इंजिनांची डिझेल यंत्रणा काढून त्यांचे १०,००० अश्वशक्तीचे जोड विद्युत इंजिन बनवले. बातम्या झाल्या, फेब्रुवारी २०१९ मध्ये हिरवा झेंडा झाला, आणि पुढे तो प्रयोग व्यापक झालाच नाही.

धोरणांची उलटापालट हा या कथेतला सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग. नोव्हेंबर २०१५ मध्ये बिहारच्या मढौरा येथे १,००० नवी डिझेल इंजिने बांधण्याचा करार अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी झाला. १२ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने उरलेल्या १३,६७५ मार्ग-किलोमीटरचे विद्युतीकरण करण्यास मंजुरी दिली. तीन वर्षांत दोन दिशा. डिझेल इंजिनाचे विहित आयुष्य ३६ वर्षे धरले जाते. २००५ साली बांधलेल्या इंजिनाला त्या हिशेबाने २०४१ पर्यंत धावायचे होते. त्याचे काय? काही बांगलादेशाला भेट गेली : जुलै २०२० मध्ये १०, मे २०२३ मध्ये आणखी २०. बाकीची शेडमागच्या रुळांवर. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातूनही २०२० मध्ये 'डिझेल' गळाले. हे निर्णय बरोबर की चूक याचा वाद स्वतंत्र आहे, पण कामाच्या वयातील यंत्रे आणि ती सांभाळणारी माणसे एकाच वेळी निरुपयोगी ठरवली गेली हे निर्विवाद. चाहत्यांचे दुःख 'जुने गेले' एवढेच असते तर ते हळवेपण म्हणून सोडून देता आले असते. येथे गेले ते सगळे जुने नव्हते.

आता जतनाविषयी. वाफेच्या इंजिनांचे नशीब बरे होते. ती रुळांवर धावत असतानाच मायकल सॅटो या इंग्रज गृहस्थांनी भारतभर फिरून कोणती इंजिने राखावीत याच्या याद्या केल्या आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडले. रेवाडीची वाफेची शेड पुढे चालत्या इंजिनांसाठी पुन्हा उभी करण्यात आली. तेथे आजही भट्टी पेटते, आणि ती पेटवणारा माणूस तयार करावाच लागतो. डिझेलसाठी असे रेवाडी कोठे आहे? दिल्लीच्या संग्रहालयात आणि ठिकठिकाणच्या शेडच्या, कार्यालयांच्या दारांत डिझेल इंजिने चौथऱ्यावर चढवलेली दिसतात. ताजा रंग, भोवती हिरवळ, पुढे सेल्फीसाठी जागा. ती किल्ल्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या तोफेसारखी आहेत. नळी आहे, दारू नाही, आणि डागता येणारा कोणी नाही.

ब्रिटनमध्ये वेगळे घडले आणि ते सरकारने घडवले नाही. तेथील 'डेल्टिक' जातीची डिझेल इंजिने अवघी २२. ती निवृत्त होण्याच्या आधीच, १९७७ मध्ये, चाहत्यांनी ती वाचवण्यासाठी संस्था काढली. २ जानेवारी १९८२ रोजी अखेरची फेरी झाली. २२ पैकी सहा इंजिने वाचली आणि त्यांतील काही पुढे पुन्हा मुख्य मार्गावर धावली. हौशी माणसांनी वर्गणी काढली, ग्रीस हाताला लावले, सुटे भाग साठवले. आपल्याकडे अडीच हजारांहून अधिक इंजिनांचा वंश आणि त्यांच्यासाठी जमले काय, तर चित्रफिती. येथे इंजिन विकत घेणे सामान्य नागरिकाच्या आवाक्यात नाही, रुळांची मालकी एकाच संस्थेकडे आहे, या अडचणी खऱ्या आहेत. पण शेडच्या नोंदवह्या मागायला कोणती अडचण होती? प्रत्येक इंजिनाची दुरुस्तीची नोंद असते. कोणत्या वर्षी कोणता भाग बदलला, कोणता बिघाड वारंवार झाला, बाहेरून मागवलेल्या भागाच्या जागी देशी भाग कधी आला. त्या वह्यांत स्वावलंबनाचा इतिहास तारीखवार लिहिलेला आहे, आणि इंजिन भंगारात गेले की त्या सांभाळण्याचे कार्यालयीन कारणही संपते.

म्हणून मागणी करायची तर ती चौथऱ्यावरच्या आणखी एका इंजिनाची नको. पुण्याची वा कल्याणची डिझेल शेड घ्या; तेथील एखादा कोपरा तरी अवजारांसह, पिटसह, इंजेक्टर तपासण्याच्या बाकासह जसाच्या तसा राखला जावा. एक डब्ल्यूडीएम-३ए चालू स्थितीत असावे आणि महिन्यातून एकदा ते सुरू करणारी माणसे नेमलेली असावीत. नोंदवह्या अभिलेखागारात जाव्यात. हे रेल्वेचे काम. उरलेले काम मात्र कोणाच्याही परवानगीवाचून आजच करता येते.

१९९० साली पंचविसाव्या वर्षी शेडमध्ये लागलेला फिटर २०२५ मध्ये साठ वर्षांचा होऊन निवृत्त झाला. तो दौंडला, मनमाडला, मिरजेला, भुसावळला राहतो आहे. त्याच्या इंजिनाच्या अखेरच्या फेरीचे चित्रण चाळीस कोनांतून झाले. त्याला कोणी काही विचारले नाही. विचारण्यासारखे पुष्कळ आहे. सोळांपैकी कोणता सिलिंडर काम करत नाही हे तो कशावरून ओळखत असे? धुराचा रंग पांढरा, निळा, काळा झाला की प्रत्येक वेळी पहिला हात कोठे जाई? पुस्तकात नसलेली कोणती युक्ती त्याला कोणी शिकवली, आणि त्या शिकवणाऱ्याला कोणी? सुटा भाग वेळेवर आला नाही तेव्हा इंजिन रुळावर कसे काढले? ईएमडीची नवी इंजिने शेडमध्ये आली तेव्हा जुन्या माणसांना काय वाटले? आणि विद्युत इंजिनाच्या प्रशिक्षणाला पाठवले तेव्हा हातांना काय विसरावे लागले?